संगणकाच्या दारी एक कला-पदवीधर

या वर्षीच्या अंकासाठी काही लिहून द्या, असा मराठी विभागातील सरांचा निरोप आला, तेव्हा संतकाव्यावर किंवा ग्रामीण कथेवर लिहावे असे माझ्या मनात आले. विद्यार्थिदशेत माझे तसे दोन लेख या अंकातून प्रसिद्ध झाले आहेत आणि ते कोणी वाचले नसावेत अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. परंतु सर म्हणाले, "ते राहू दे. मराठीचा एम.ए. होऊन तू कॉम्प्युटरच्या कंपनीत कसा गेलास, ते लिही. पोरं मला रोज तेच विचारतात आणि त्यातलं मला काही कळत नाही." म्हणून हा लेख. तो यशोगाथा म्हणून कोणी वाचू नये. यश त्यात थोडे आहे, आणि त्याच्या आधी एक मोठी फसगत आहे. प्रथम तीच सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यातून समजते.

वडवणीच्या बसस्थानकापासून महाविद्यालयाकडे चालत येणाऱ्या प्रत्येकाने विजेच्या खांबांवर चिकटविलेली पत्रके वाचली असतील. "कोणत्याही शाखेचे पदवीधर, सहा महिन्यांत सॉफ्टवेअर इंजिनिअर, नोकरीची शंभर टक्के हमी." असेच एक पत्रक मी २०१८ साली वाचले. त्या वेळी मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवीत होतो. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते भाग्यवान. जितके तास घ्यावेत तितक्यांचे पैसे, आणि तेही वर्ष संपता संपता. नेटची परीक्षा दोनदा थोडक्यात हुकली होती. घरात माझ्या लग्नाचा विषय निघे आणि पगाराचा आकडा विचारताच बंद होई.

पत्रकावरील क्लास पुण्यात होता. फी बेचाळीस हजार. ती कोठून आणावयाची? थोरले दादा आणि वहिनी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याला जातात. उचल म्हणजे काय, हे वडवणी तालुक्यातील वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. त्या वर्षी दादांनी मुकादमाकडून नेहमीपेक्षा जास्त उचल घेतली आणि त्यातील बेचाळीस हजार माझ्या हाती ठेवले. म्हणाले, "आमचं काय, दोन खेपा जास्त टाकू. तू शिक." दोन खेपा जास्त म्हणजे थंडीत पहाटे तीनला उठून फडात उभे राहणे. हे त्यांनी सांगितले नाही. मला ठाऊक होते.

क्लास चार महिने चालला. पाचव्या महिन्यात एका सोमवारी आम्ही गेलो तर दाराला कुलूप होते आणि पाटी उतरविलेली होती. सुदैव म्हणा वा दुर्दैव, आदल्याच आठवड्यात आमच्या तुकडीला प्रमाणपत्रे वाटून झाली होती. सोनेरी किनार, लाल शिक्का, इंग्रजीत माझे नाव. ते घेऊन मी दहा-बारा ठिकाणी फिरलो. एका लहानशा कंपनीत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तो कागद उलटसुलट पाहिला आणि शांतपणे विचारले, "ही परीक्षा कोणी घेतली?" मी म्हणालो, "क्लासनेच." "आणि शिकवलं कोणी?" "क्लासनेच." त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकविला. त्यांच्या चेहऱ्यावर तुच्छता नव्हती. उलट बाहेर पडताना त्यांनी मला दोन-तीन परीक्षांची नावे एका चिठ्ठीवर लिहून दिली. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

बाईंच्या त्या दोन प्रश्नांत प्रमाणपत्रांचे सारे शास्त्र सामावलेले आहे. ज्याने शिकविले, त्यानेच परीक्षा घेतली आणि त्यानेच कागद दिला, तर त्या कागदाला त्याच्या दाराबाहेर किंमत नसते. कारण त्याला नापास करण्यात काही हित नसते. याउलट शिकविणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, ज्याला तुम्ही पास व्हा की नापास व्हा सारखेच, असे असेल तर तिऱ्हाईत मनुष्य त्या कागदावर विश्वास ठेवतो.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. टंकलेखनाच्या संस्था आठवा. टायपिंग शिकवीत गल्लीतील संस्थेचे मालक. परंतु परीक्षा घेई पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. म्हणून मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांच्या त्या प्रमाणपत्रावर पिढ्यान्‌पिढ्या लोक लिपिक झाले. यंत्रे गेली, त्यांची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली, परीक्षेचे नावही बदलले. पण परीक्षा अजून परिषदच घेते. एम.एस.-सी.आय.टी.चेही तसेच. हा अभ्यासक्रम २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने सुरू केला आणि आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी तो केला. गावोगावची केंद्रे शिकवितात, आणि प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे मिळते.

तथापि येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडील पुष्कळ मुले समजतात की, एम.एस.-सी.आय.टी. झाली म्हणजे आपण संगणक क्षेत्रात गेलो. तसे नाही. ती साक्षरता आहे, व्यवसाय नव्हे. लिहिता-वाचता येणारा प्रत्येक जण लेखक नसतो. तलाठी, लिपिक अशा जागांसाठी ती अट म्हणून मागतात. पुण्या-मुंबईच्या कंपनीला तिचे काही वाटत नाही.

सरकारी नोकरीच्या जाहिरातीत संगणक-अर्हतेचा जो परिच्छेद तळाशी असतो, तो आपण न वाचता पुढे जातो. मीही जात असे. त्यात एम.एस.-सी.आय.टी.च्या शेजारी आणखी काही नावे असतात : सी.सी.सी., 'ओ' स्तर, 'ए' स्तर, 'बी' स्तर, 'सी' स्तर. बाईंच्या चिठ्ठीवर पहिले नाव 'ओ' स्तराचेच होते. या परीक्षा केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील एक संस्था घेते. पूर्वी तिला 'डोएक' म्हणत. २०११ पासून तिचे नाव 'नायलिट' झाले आणि २०२४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचे एक केंद्र आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात आहे. मी एम.ए.च्या कामासाठी त्या विद्यापीठात कितीदा गेलो असेन! ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत पायी हिंडलो; पण ती इमारत कशाची आहे हे मी एकदाही विचारले नाही. असो.

'ओ' स्तराची थोरवी अशी की, तेथे तुमची शाखा कोणी विचारीत नाही. बारावी झालेला कोणीही, कोणत्याही क्लासला न जाता, थेट परीक्षेला बसू शकतो. परीक्षा वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रात होतात. मी २०२० साली नाव नोंदविले तेव्हा नवा अभ्यासक्रम लागू झाला होता. त्यात चार पेपर : संगणकाची साधने आणि जाळ्यांची ओळख, संकेतस्थळांची रचना, पायथन भाषेतील प्रोग्रॅमिंग, आणि 'वस्तूंचे इंटरनेट', म्हणजे पंपापासून दिव्यापर्यंतची यंत्रे जाळ्याला जोडण्याचे तंत्र. शिवाय प्रात्यक्षिके आणि एक प्रकल्प. प्रत्येक पेपरात किमान पन्नास टक्के हवेत. आपल्या बी.ए.च्या सवयीला पन्नास टक्के तसे जडच जातात.

मला अडथळा आला तो गणिताचा नव्हे, इंग्रजीचा. पायथनचे पुस्तक उघडले की पहिल्या पानावरच मी अडखळे. त्या वेळी मला मुंबईच्या आय.आय.टी.ने तयार केलेले 'स्पोकन ट्युटोरियल' सापडले. साधारण दहा-दहा मिनिटांचे छोटे पाठ, फुकट, आणि त्यांतील कित्येक चक्क मराठीत बोललेले. पडद्यावर एकेक ओळ लिहिली जाते आणि मराठी आवाज ती समजावून सांगतो. कोरोनाच्या दिवसांत घराच्या माळवदावर, जेथे मोबाइलला रेंज मिळे तेथे बसून, मी ते पाठ ऐकले. ऐकणे पुरेसे नसते, हात चालवावा लागतो. म्हणून गावातील एका मित्राचा जुना संगणक दुपारच्या वेळी मागून घेतला. त्याचे स्पेसचे बटण दाबताना दोनदा दाबावे लागे. अजूनही कधी कधी माझा अंगठा सवयीने दोनदा दाबतो.

पायथनची भीती गेली ती व्याकरणामुळे. अकरावीला आपण वाक्यपृथक्करण शिकतो : कर्ता कोणता, क्रियापद कोणते, गौण वाक्य कोठे सुरू होते आणि कोठे संपते. "पाऊस आला तर आपण जाऊ, नाहीतर थांबू" हे संकेतार्थी वाक्य आहे. प्रोग्रॅममध्ये पानोपानी याच जातीची वाक्ये असतात. फरक एवढाच की माणूस अर्धवट वाक्य समजून घेतो, यंत्र घेत नाही. गौण वाक्य कोठे संपले हे पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून ठरते. ती जागा चुकली की अर्थ चुकतो. हे एकदा उमगल्यावर मला वाटले की, आपण परक्या प्रांतात आलेलो नाही.

प्रकल्पाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. प्रकल्प कशावर करावा, अशा विचारात असताना दादा कारखान्याहून परत आले. उचल फिटली नव्हती. मुकादमाच्या वहीप्रमाणे अजून काही हजार अंगावर राहिले होते. मी दादांना विचारले, "रोजचं टनेज तुम्ही लिहून ठेवता का?" दादांनी पिशवीतून वजनाच्या पावत्यांचा चुरगळलेला गठ्ठा काढला. वहिनींनी त्या एकूण एक जपून ठेवल्या होत्या. मी ठरविले, हाच प्रकल्प. तारीख, टन, दर, उचल आणि बाकी. रोजची पावती भरली की त्या दिवसापर्यंत किती फिटले ते दाखविणारे साधे पान. महिनाभर मी त्यात बुडालो होतो. पावत्या भरून झाल्यावर आमची बाकी आणि वहीतील बाकी यांत फरक निघाला. दोन पावत्या वहीत चढल्याच नव्हत्या. दादा ते पान आणि पावत्या घेऊन मुकादमाकडे गेले. भांडण न होता त्याने दुरुस्ती केली. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या दिवशी दादांनी प्रथमच मला विचारले, "हे तू शिकतोस, त्याला म्हणतात तरी काय?"

२०२२ च्या अखेरीस, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मी 'ओ' स्तर पूर्ण केला. पदवीपेक्षा याचा आनंद जास्त होता. नोकरी मात्र लगेच मिळाली नाही, हेही सांगितले पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या नवोदितांसाठीच्या जाहिरातींत बी.ई., एम.सी.ए., बी.एस्सी. अशी यादी असते आणि तीत बी.ए. बहुधा नसते. पुण्याच्या सी-डॅकचे नाव आपण ऐकतो. १९८८ मध्ये ती संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने 'परम' महासंगणक बांधला. तिचे पदव्युत्तर अभ्यासक्रम नावाजलेले आहेत. पण ते अभियांत्रिकीच्या किंवा त्या जातीच्या पदवीधरांसाठी असतात. कला-पदवीधराने ते दार ठोठावण्यात वेळ घालवू नये. आपल्यासाठी बाजूचे दार असते, आणि ते मदतकेंद्राचे.

२०२३ च्या आरंभी मला पुण्यात मदतकेंद्रावर काम मिळाले. पगार चौदा हजार, पाळी रात्रीची. कोणाचा पासवर्ड विसरला, कोणाचे यंत्र सुरू होईना, कोणाच्या पडद्यावर काही भलतेच दिसते, अशा तक्रारी ऐकावयाच्या, लिहून घ्यावयाच्या आणि सुटतील त्या सोडवावयाच्या. हे काम कमी प्रतीचे आहे असे मी प्रथम समजत होतो. वर्षभरात कळले की, तक्रार नीट लिहिणे ही कला आहे. "चालत नाही" असे लिहिलेली तक्रार चार जणांच्या हातांतून फिरते. कोणते बटण दाबल्यावर, कोणत्या यंत्रावर, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, एवढे चार ओळींत लिहिले की ती पहिल्याच माणसाकडे सुटते. अशा ओळी लिहिण्याची तालीम मला पाच वर्षे निबंध तपासून मिळाली होती.

तेथूनच माझा मोहरा सॉफ्टवेअरच्या तपासणीकडे, ज्याला तेथे 'टेस्टिंग' म्हणतात, वळला. चिठ्ठीवरचे दुसरे नाव याच विषयाचे होते : 'आय.एस.टी.क्यू.बी.'. हे तपासनिसांचे आंतरराष्ट्रीय मंडळ २००२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या पायाभूत परीक्षेत चाळीस प्रश्न असतात, वेळ साठ मिनिटे, आणि पास होण्यास सव्वीस गुण लागतात. परीक्षेची भाषा तुमची मातृभाषा नसेल तर पंधरा मिनिटे जास्त मिळतात. ही सवलत वाचून मला गहिवरून आले होते, हे कबूल करतो. इतक्या वर्षांत इंग्रजी न येण्याबद्दल शिक्षा पुष्कळांनी केली होती. वेळ कोणी वाढवून दिला नव्हता. अभ्यासक्रमाचे पुस्तक मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

तपासणी म्हणजे काय, हे एस.टी.च्या तिकिटावरून सांगतो. समजा, वाहकाच्या हातातील तिकीट-यंत्रासाठी नवा प्रोग्रॅम लिहिला आहे आणि तो तपासण्याचे काम तुमच्याकडे आले. नियम ठाऊक आहेत. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही. पाच ते बारा अर्धे. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धे. पंच्याहत्तरीपुढील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे. नवखा मनुष्य चाळीस वर्षांच्या पुरुषाचे आणि सत्तर वर्षांच्या आजोबांचे तिकीट काढून पाहील आणि सर्व ठीक आहे म्हणेल. परंतु चूक मध्ये लपत नाही, ती काठावर लपते. म्हणून तपासनीस चार, पाच आणि बारा, तेरा ही वये घालून पाहतो. चौसष्ट आणि पासष्ट घालतो. चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर, शहात्तर घालतो. आणि तेथेच तो थबकतो. "पासष्ट ते पंच्याहत्तर" आणि "पंच्याहत्तरीपुढील" या दोन शब्दप्रयोगांत नेमका पंच्याहत्तर वर्षांचा मनुष्य कोठे बसतो? यंत्राला ते कोणीतरी स्पष्ट सांगितलेले असले पाहिजे. आता अडुसष्ट वर्षांच्या आजी आल्या. ज्येष्ठ म्हणून अर्धे आणि महिला म्हणून अर्धे. यंत्राने अर्ध्याचे अर्धे करून पाव तिकीट काढले तर महामंडळाचे नुकसान. गोंधळून पूर्ण काढले तर आजी गाडी हलू देणार नाहीत. हे प्रश्न काढावयास अभियंता लागत नाही. नियमाचे वाक्य शब्दशः वाचणारा मनुष्य लागतो. काठावरील वये निवडण्याच्या या युक्तीला शास्त्रात सीमामूल्यांची तपासणी म्हणतात आणि तिच्यावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो.

२०२४ च्या मध्यास मी ती परीक्षा उत्तीर्ण झालो आणि वर्षअखेर तपासनीस म्हणून रुजू झालो. तेथील एक गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगतो. आमच्याकडे नावांच्या यादीत शोध घेण्याचा एक प्रोग्रॅम आला. मी 'कऱ्हाडे' असे टंकित केले. यादीत ते आडनाव डोळ्यांना दिसत असूनही यंत्र म्हणे, सापडत नाही. संगणक अक्षर साठवितो ते आकड्यांच्या रूपात. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला आकडा दिलेला आहे. आता आपला हा अर्धा, आडवा 'ऱ्‍' दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याला हलन्त देतात. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पोटातील आकडे वेगळे. माणसाला एक शब्द, यंत्राला दोन. वऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास, सगळ्यांची हीच गत. आमच्या गटातील काही सहकाऱ्यांना मराठी येत नव्हते. ज्यांना येत होते त्यांनी या रेफाचा विचार दहावीनंतर केला नव्हता. मी ते चार ओळींत लिहून दिले. व्याकरणाच्या तासाला मागच्या बाकावर झोपणाऱ्यांपैकी मी नव्हतो, याचा त्या दिवशी उपयोग झाला.

आता पैशाचे आणि मुदतीचे. कंपन्यांनी स्वतः काढलेल्या परीक्षाही पुष्कळ आहेत. जाळ्यांची कामे करणाऱ्यांसाठी सिस्को कंपनीची सी.सी.एन.ए. ही परीक्षा १९९८ पासून आहे. तिची फी तीनशे डॉलर, म्हणजे करासह पंचवीस हजारांच्या पुढे, आणि प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपते. रेड हॅट कंपनीच्या परीक्षेत पर्याय निवडावयाचे नसतात, चालू यंत्रावर बसून कामच करून दाखवावे लागते. घोकंपट्टी तेथे चालत नाही, म्हणून तिला मान आहे. तीही तीन वर्षांची. मायक्रोसॉफ्टची एम.सी.एस.ई. एके काळी इतकी गाजली होती की लग्नपत्रिकेत नावापुढे छापीत. ती कंपनीने जानेवारी २०२१ अखेर बंदच केली. माझी तपासणीची पायाभूत परीक्षा आणि 'ओ' स्तर यांना अशी मुदत नाही. कोठे पैसे घालावयाचे, हे ठरविताना मी हे पाहिले होते, कारण माझ्यामागे पुन्हा उचल घेण्याची कोणाची ताकद नव्हती. सारथी, बार्टी, महाज्योती या शासकीय संस्था आपापल्या घटकांतील विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य प्रशिक्षणे काढतात. त्यांच्या योजना वर्षागणिक बदलतात, तेव्हा फी भरण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर एक नजर टाकावी.

काळही अनुकूल आहे असे मी म्हणणार नाही. जुलै २०२५ मध्ये टी.सी.एस.सारख्या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. मजकूर आणि प्रोग्रॅम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. नवोदितांना पूर्वी जी सोपी कामे देत, त्यांतील बरीच आता ती साधने करतात. आमच्याकडेही तपासणीचा पहिला मसुदा यंत्रच लिहिते आणि आम्ही त्यात काय राहिले ते शोधतो. कधी काहीच राहिलेले नसते. त्या दिवशी घरी जाताना जीव थोडा खाली-वर होतो. जो शिक्षकीत किंवा शेतीत सुखी आहे, त्याने केवळ कोणाचे पाहून हे धाडस करू नये, असे माझे मत आहे. तासिकेवरील माझी दहा वर्षे मला सुखाची असती तर मीही केले नसते.

गेल्या दिवाळीत गावी आलो होतो. दादांची मुलगी, माझी पुतणी, आता आपल्याच महाविद्यालयात बारावी कला शाखेत आहे. तिने दप्तरातून एक पत्रक काढून माझ्यापुढे धरले. तोच मजकूर, तीच शंभर टक्के हमी, फी मात्र वाढलेली. मी काही बोललो नाही. तिनेच बोट फिरवीत सगळे वाचले आणि म्हणाली, "काका, परीक्षा कोण घेणार ते यात कुठंच नाही." मग आम्ही दोघांनी मोबाइलवर 'नायलिट'चे संकेतस्थळ उघडले आणि बारावीचा निकाल लागल्यावर कोणत्या सत्राला बसता येईल ते पाहिले. तिला संकेतस्थळांची रचना आधी शिकावयाची आहे. पायथनची तिला भीती वाटते. दादा ओसरीवर कोयत्याला धार लावीत होते. दोन दिवसांनी टोळी निघायची होती. तिकडूनच त्यांनी विचारले, "किती लागतील?" मी नोंदणीची आणि परीक्षेची फी जोडून आकडा सांगितला. दादांनी धार लावणे थांबविले, मनाशी काही हिशेब केला आणि म्हणाले, "एवढे घरातच आहेत की."